मागाहूनच्या सुखाची बाग

ओकायामा शहरांतील कोराकुएन नांवाचें उद्यान पाहावयास जाणाऱ्या परक्या मनुष्यास बागेंत पाऊल टाकण्यापूर्वींच तिच्या नांवाचा अर्थ सांगण्यांत येतो. सांगणारा हातांतला नकाशा असो, सोबतचा वाटाड्या असो, कीं घरून वाचून आणलेलें पुस्तक असो, अर्थ तोच. ‘को’ म्हणजे मागाहून, ‘राकु’ म्हणजे सुख आणि ‘एन’ म्हणजे बाग. चीन देशांत अकराव्या शतकांत फान चुंग-येन नांवाचा एक विद्वान मुत्सद्दी होऊन गेला. राज्य करणारानें चिंता वाहावी ती प्रजेच्या अगोदर आणि सुख भोगावें तें प्रजेच्या मागाहून, अशा आशयाचा विचार त्यानें १०४६ सालच्या आपल्या एका निबंधांत मांडला. त्या विचारावरून हें नांव घेतलेलें आहे. ऐकणारा मान डोलावतो. तीनशें वर्षांमागें एका सरदारानें इतक्या उदात्त हेतूनें बाग लावली ही गोष्ट मनाला गोड वाटते, व त्या गोडीच्या भरांतच तो फाटकाच्या आंत शिरतो.

गोष्ट गोड खरी. पण तशी ती घडलेली नाहीं. बागेच्या कामास १६८७ सालीं आरंभ झाला, १७०० सालीं तें पुरें झालें, आणि ‘कोराकुएन’ हें नांव मात्र १८७१ सालीं पडलें. मधल्या सुमारें पावणेदोनशें वर्षांत या बागेस ‘गोकोएन’ म्हणत. ‘गो’ हा केवळ आदर दाखविणारा उपसर्ग. बाकीच्या शब्दाचा अर्थ मागली बाग. किल्ल्याच्या पाठीमागें आहे म्हणून मागली. आपल्याकडे वाड्यामागच्या जागेला परसूं म्हणावें इतकें तें साधें नांव होतें. जुन्या नांवांतलें ‘मागें’ या अर्थाचें अक्षर नव्या नांवांत तसेंच ठेवलें आणि त्यापुढें ‘सुख’ हें अक्षर घातलें, त्याबरोबर जो शब्द जागा दाखवीत होता तो वेळ दाखवूं लागला. मराठींतही ‘मागें’ आणि ‘मागाहून’ हे एकाच घरचे शब्द असल्यामुळें या युक्तीची मौज आपणांस चटकन कळते.

युक्तीची मौज असो. तिची तारीख अधिक बोलकी आहे. १८७१ हें वर्ष म्हणजे जपानांतील सर्व संस्थानें खालसा होण्याचें वर्ष. ओकायामाच्या इकेदा घराण्यांतील शेवटचे अधिपति आकिमासा यांनीं हें नांव ठेविलें. राज्य हातचें जात असतां राज्यकर्त्याचें ब्रीद बागेस चिकटलें, असा हा प्रकार आहे. शिवाय तें नांव नवेंही नव्हतें. एदो, म्हणजे आतांचें टोकियो, येथें मितोच्या तोकुगावा घराण्याची एक बाग सतराव्या शतकापासूनच ‘कोराकुएन’ या नांवानें प्रसिद्ध होती; मित्सुकुनि या विद्याव्यासंगी सरदारानें चिनी पंडित जू शून-श्वेइ याच्या सल्ल्यानें ती पुरी केली होती. तेव्हां ओकायामाच्या बागेचें नांव उसनें, आणि तेंही उशिरानें घेतलेलें. तें वाचून पहिल्या मालकाच्या मनाची परीक्षा करूं जाणें म्हणजे नातवाच्या बारशाची पत्रिका पाहून आजोबांचें लग्न कसें झालें हें ठरविण्यासारखें आहे.

तथापि प्रश्न उरतोच. ही बाग झाली ती कोणाची चिंता आधीं वाहून झाली, कीं न वाहतांच झाली? याचें उत्तर नांवांत नसलें तरी बागेच्या आसपासच्या जमिनींत आणि पाण्यांत बरेंचसें सांपडतें.

जपानांत बाग रचण्याची विद्या चीन व कोरिया या देशांतून आली, आणि तिच्या अगदीं जुन्या नोंदींपैकीं एकींत आपल्या ओळखीचें एक नांव भेटतें. ७२० सालीं पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथांत ६१२ सालची एक हकीकत आहे. कोरियांतील पेक्चे राज्यांतून एक मनुष्य जपानांत आला. त्याच्या अंगावर व तोंडावर पांढरे डाग होते; लोकांस त्याची किळस वाटून ते त्यास एखाद्या बेटावर सोडून देण्याच्या विचारांत होते. तेव्हां तो म्हणाला कीं, डागाळलेल्या कातडीचा एवढा तिटकारा असेल तर या देशांत ठिपक्यांचीं गुरेंघोडींही पाळूं नयेत. आणि मला तर डोंगर रचण्याची कला येते, मला टाकून तुमचा काय लाभ? त्याचें म्हणणें मान्य झालें, आणि सम्राज्ञी सुइको हिच्या राजवाड्याच्या दक्षिणेकडील अंगणांत त्याच्याकडून ‘शुमिसेन’ पर्वत व चिनी तऱ्हेचा एक पूल रचून घेण्यांत आला. शुमिसेन म्हणजे आपला सुमेरु. बौद्ध धर्माच्या पाठीवर बसून तो चीनला गेला, तेथून कोरियांत, आणि एका डागाळलेल्या कारागिराच्या हातून जपानच्या अंगणांत उतरला.

पुढें या विद्येचें शास्त्र बनलें. अकराव्या शतकांतला ‘साकुतेइकी’ हा ग्रंथ जगांतील बागशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथांत मोडतो, आणि त्यांत फुलझाडांपेक्षां दगड कसे उभे करावे याचीच चर्चा अधिक. त्यानंतर झेन मठांतून कोरड्या वाळूच्या व दगडांच्या बागा निघाल्या. क्योतो येथील र्‍योआन-जी मठाची पंधरा दगडांची बाग तर सर्वश्रुत आहे. ती बसून पाहावयाची. तिच्यांत चालावयाचें नसतें. ओकायामाची बाग याच्या अगदीं उलट. ती चालूनच पाहावी लागते. एका जागीं बसणाऱ्यास तिचा थोडा भाग दिसतो, आणि पावलागणिक एक देखावा झाडाआड जाऊन दुसरा पुढें येतो. तोकुगावा राजवटींत सरदारांनीं ज्या बागा केल्या त्या बहुतेक याच जातीच्या आहेत. अशा बागेस जागा पुष्कळ लागते, पैसा त्याहून पुष्कळ लागतो, आणि सर्वांत अधिक लागते ती शांतता.

ही शांतता केवढी होती हें आपल्याकडील त्याच वर्षांशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. १६१५ सालीं ओसाकाचा किल्ला पडल्यापासून जपानांत मोठें युद्ध म्हणून जवळजवळ झालेंच नाहीं. १६८७ सालीं ओकायामास नदीकांठीं बागेची आंखणी चालली होती, तेव्हां औरंगजेबाच्या फौजा दक्षिणेंत होत्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस वाईच्या रणांत हंबीरराव मोहिते पडले. १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला. १७०० सालीं बाग पुरी झाली, आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत राजाराममहाराजांनीं सिंहगडावर देह ठेविला. तेरा वर्षें एका बागेचे दगड सरळ करण्यांत घालविणें ज्या देशास परवडलें त्या देशाचा हेवा वाटावा, कीं त्या सुखाच्या पोटीं काय होतें हें अगोदर पाहावें, याचा निर्णय वाचकांनींच करावा. आम्हांला दोन्ही करावेंसें वाटतें.

ओकायामा हें असाही नदीच्या कांठचें शहर. तेथील किल्ला उकिता हिदेइए यानें १५९७ सालीं पुरा केला. त्याच्या भिंती काळ्या, म्हणून लोक त्यास ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणत. नदी हाच किल्ल्याचा खंदक व्हावा म्हणून तिचा प्रवाह वळवून किल्ल्याच्या भोंवतीं आणला. शत्रूस अडविण्यास हें फार चांगलें झालें. पण वळवलेली नदी पावसाळ्यांत आपला राग शहरावर काढूं लागली. १६५४ सालीं तर मोठा महापूर येऊन गांवाची दैना झाली. त्या वेळीं इकेदा मित्सुमासा हा अधिपति होता. सव्वातीन लाखांस थोडें कमी, म्हणजे तीन लाख पंधरा हजार ‘कोकु’ भाताच्या उत्पन्नाचें हें संस्थान. मित्सुमासा हा कन्फ्यूशियसच्या मताचा कडक अनुयायी, काटकसरी आणि प्रजेच्या शिक्षणाविषयीं आस्था बाळगणारा होता. सामान्य लोकांच्या मुलांसाठीं शिझुतानी येथें १६७० सालीं त्यानें काढलेली शाळा आजही उभी आहे. त्याच्या पदरीं कुमाझावा बान्झान नांवाचा पंडित होता. पुराचें जादा पाणी शहराच्या वरच्या अंगासच बाजूला काढून दुसऱ्या वाटेनें समुद्रास न्यावें, ही कल्पना बान्झानची. ती प्रत्यक्षांत आणली त्सुदा नागातादा यानें. शंभर ‘केन’ रुंदीची, म्हणजे सुमारें १८० मीटर रुंदीची म्हणून तिला ‘ह्याक्केन’ नदी हें नांव मिळालें, व ती आजही ओकायामाचें रक्षण करते.

हा त्सुदा नागातादा म्हणजे या साऱ्या कथेचा खरा नायक. शिझुतानीची शाळा उभारणारा तो, पुराची वाट काढणारा तो, समुद्रास बांध घालून १६९२ सालीं ओकी-शिन्देन नांवाची विस्तीर्ण नवी शेतजमीन मिळविणारा तो, आणि किल्ल्यामागली बाग रचणाराही तोच. बागेच्या इतिहासांत हें नांव बहुधा एका ओळींत आटोपतें. सरदाराचें नांव मोठ्या अक्षरांत येतें, कारण हुकूम सरदाराचा. पण ज्या मनुष्यानें आयुष्यभर पाण्याला वळण लावलें त्याच्याच हातीं बागेंतले ओढे आल्यामुळें त्यांना तें लाघव आलें असावें, असें आम्हांला वाटतें.

हुकूम देणारा सरदार इकेदा त्सुनामासा हा मित्सुमासाचा पुत्र. बाप १६८२ सालीं वारला आणि पांच वर्षांनीं मुलानें बागेस हात घातला. बापाच्या हयातींत ही बाग झाली असती असें वाटत नाहीं. त्या काळीं निरनिराळ्या सरदारांच्या स्वभावाची टिपणें असलेला ‘दोकाइ कोशूकी’ नांवाचा एक ग्रंथ तयार झाला. त्यांत त्सुनामासाविषयीं चांगलें लिहिलेलें नाहीं. विद्येचा गंध नाहीं आणि विषयसुखाची आवड फार, असा एकंदर अभिप्राय आहे. अशा गुप्त टिपणांवर किती विश्वास ठेवावा हा इतिहासकारांचा नेहमींचा प्रश्न आहे, आणि बाप फार मोठा असला म्हणजे मुलगा आहे त्याहून लहान दिसतो हेंही खरें. तो ‘नो’ नाट्याचा मोठा भोक्ता होता. स्वतः रंगभूमीवर नाचत असे आणि प्रजाजनांस तो खेळ पाहूं देत असे. ठराविक दिवशीं सामान्य लोकांस बागेंतही येऊं देण्याची वहिवाट होती. चिंतेंत बापाची बरोबरी त्यास करतां आली नसेल. पण सुख अगदींच एकट्यानें भोगलें नाहीं एवढें त्याच्या पदरीं घालावयास हरकत नाहीं.

आतां बागेंत जाऊं. ओकायामाच्या आगगाडीच्या स्थानकापासून ट्रामनें थोडें जाऊन पुढें पायीं गेलें म्हणजे नदी लागते. जुन्या काळीं सरदार किल्ल्यांतून होडीनें येत; त्यांच्या होड्या लागत ती जागा बागेंत अजून दाखवितात. हल्लीं किल्ल्याकडून येणाऱ्यास १९५४ सालीं बांधलेला ‘चंद्रदर्शन’ पूल आहे. बागेचा विस्तार सुमारें १,३३,००० चौरस मीटर. आंत शिरतांच पहिलें आश्चर्य वाटतें तें हिरवळीचें. जपानी बाग म्हणतांच शेवाळ, सावली व दगड अशी आपली कल्पना असते. येथें मात्र सुमारें साडेअठरा हजार चौरस मीटरांचीं मोकळीं मैदानें उन्हांत पसरलेलीं दिसतात, आणि त्यांतून एक अरुंद ओढा वळणें घेत जातो. या ओढ्याची एकंदर लांबी सुमारें ६४० मीटर. एकही वळण दुसऱ्यासारखें नाहीं. छत्रपती संभाजीनगरास बीबीच्या मकबऱ्यापुढें पाणी दोरी लावल्यासारखें सरळ चालतें आणि पाहणाराचे डोळे घुमटाकडे घेऊन जातें. येथील पाणी कोणाकडेच घेऊन जात नाहीं. त्याच्या कांठानें चालणारा कोठें पोंचावयाचें हें विसरतो.

ओढ्याजवळच ‘एन्योतेइ’ नांवाचा सरदाराच्या बैठकीचा महाल आहे. बागेंतली मुख्य जागा हीच. येथें बसून सबंध बाग दिसावी अशी योजना. पण बाग दिसते तेवढ्यानें भागत नाहीं. बागेच्या कुंपणापलीकडे मिसाओयामा नांवाची टेकडी आहे, तिच्या उतारावर एका मंदिराचा मनोरा आहे, आणि हीं दोन्हीं बागेच्याच चित्रांतलीं वाटावींत अशा बेतानें मधलीं झाडें लावलीं आहेत. जपानी लोक या युक्तीस ‘उसना देखावा’ म्हणतात. उसनवार घेतलेली वस्तु परत करावी लागते. डोंगर मात्र शेजाऱ्याकडेच राहून आपला होतो. या व्यवहारांत तोटा एवढाच कीं शेजाऱ्यानें मध्यें उंच इमारत बांधली कीं देखावा बुडाला, आणि आजच्या शहरांतून अशा बुडीत देखाव्यांची वाण नाहीं.

पुढें ‘सावा-नो-इके’ हें मोठें तळें आणि त्यांत तीन बेटें. त्याच्या कांठीं एक टेकाड आहे. उंची सुमारें सहा मीटर. त्याचें नांव ‘युइशिन्झान’. हें त्सुनामासानें केलेलें नव्हे. त्याच्या मुलानें, त्सुगुमासानें, मागून उभारलें. ‘युइशिन’ म्हणजे केवळ चित्त. असंग व वसुबंधु यांच्या परंपरेंत ज्यास चित्तमात्र म्हणतात, बाहेर जें दिसतें तें सारें मनाचेंच, तोच हा शब्द. सहा मीटरांच्या ढिगाऱ्यास एवढें जड नांव कां द्यावें, अशी थट्टा मनांत येते. पण वर चढून गेल्यावर खालची बाग, जी आतांपर्यंत तुकड्यातुकड्यांनीं दिसत होती, ती एकदम एकसंध दिसते, व थट्टा मावळते. बापाची बाग सपाट होती. मुलानें तीस वरून पाहण्याची जागा दिली.

टेकाडाजवळच ‘र्‍यूतेन’ नांवाचें साधें लांकडी घर आहे. खालच्या मजल्यास भिंती नाहींत, आणि घराच्या मधोमध ओढ्याचें पाणी वाहतें. पाण्यांत सहा सुंदर दगड ठेवले आहेत. उन्हाळ्यांत वाटसरूनें पायरीवर बसून पाय हलवावे व पाणी पाहावें, एवढेंच येथें करावयाचें असतें. सबंध बागेंत आम्हांला सर्वांत आवडलेली वास्तु हीच. तिच्यांत श्रीमंतीचें एकही चिन्ह नाहीं, आणि ती श्रीमंतावांचून कोणास सुचलीही नसती.

आणखी एक दगड सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्सुनामासाच्या काळांत बागेकरितां एक प्रचंड पाषाण पसंत पडला. तो उचलून आणणें अशक्य. तेव्हां त्याचे नव्वदांहून अधिक तुकडे केले, ते वाहून आणले, आणि बागेंत पुन्हां जसाच्या तसा जुळवून उभा केला. सांधे आजही दिसतात. जुळवलेला तो दगड खरा कीं खोटा? या प्रश्नाकडे पुढें यावेंच लागणार आहे.

बागेच्या एका बाजूस चहाचा मळा आहे, आणि जवळच भाताचीं खाचरें आहेत. खाचरांची रचना चौकोनी, नऊ भागांची. चीनमधील एका जुन्या आदर्शाची ही प्रतिकृति : जमिनीचे नऊ समान भाग करावे, आठ कुटुंबांनीं कडेचे आठ आपापले कसावे, आणि मधला सर्वांनीं मिळून राज्यासाठीं कसावा. मेन्शियसनें ही पद्धति वाखाणलेली आहे. ती कोठें कितपत चालली याविषयीं पंडितांचा वाद आहे. आज दर जून महिन्यांत येथें भातलावणीचा सोहळा होतो व मे महिन्यांत चहाची खुडणी होते. फोटो काढणारांची गर्दी जमते.

सरदाराच्या विलासाच्या बागेंत शेत कशास? फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनें १७८३ सालापासून व्हर्सायच्या उद्यानांत एक खेळण्यांतलें खेडें बांधविलें, त्याची आठवण होऊन मन जरा कडवट होतें. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आरंभीं या बागेचा बराच भाग शेतीचाच होता. हिरवळ पुढें वाढत गेली. आणि अठराव्या शतकांत हारुमासा या अधिपतीनें काटकसरीसाठीं तीच हिरवळ कांहीं काळ मोडून तेथें पीक काढलें. शेतीचें चित्र काढणारे राजे पुष्कळ. चित्रच नांगरणारा राजा विरळा. त्या नऊ चौकटींकडे पाहतांना आम्हांला वाटलें कीं, ‘मागाहूनचें सुख’ हें ब्रीद बागेच्या नांवांत १८७१ सालीं आलें असेल, पण त्याची टोंचणी त्या जमिनींत अगोदरच होती. शेतकरी भात पिकवी म्हणून सरदार कोकूंत मोजला जाई. ही गोष्ट बागेंत फिरतांनाही डोळ्यांआड होऊं नये, अशी कोणाची तरी इच्छा असावी. ती सरदाराची होती कीं नागातादाची, हें सांगण्यास साधन नाहीं.

१८८४ सालीं बाग ओकायामा प्रांताच्या ताब्यांत आली आणि सर्वांस खुली झाली. येथून पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो, पण तो हलका नाहीं. सप्टेंबर १९३४ मध्यें मोठ्या वादळाबरोबर असाही नदीस महापूर आला आणि बाग पाण्याखालीं गेली. जिला नागातादानें वाट काढून दिली होती तीच नदी पुन्हां घरांत शिरली. त्यांतून बाग सावरते न सावरते तों २९ जून १९४५ रोजीं पहांटे अमेरिकन विमानांनीं ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. सतराशेंहून अधिक माणसें मेलीं. काळ्या किल्ल्याचा बुरूज जळाला. एन्योतेइ जळालें, नो नाट्याची रंगभूमि जळाली. र्‍यूतेन वांचलें, आणि त्सुनामासाची आवडती ‘रेन्चिकेन’ नांवाची झोंपडीवजा बैठक वांचली. बागेंत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले करकोचेही युद्धकाळांत नाहींसे झाले.

जुन्या काळीं काढून ठेवलेलीं बागेचीं चित्रें व नकाशे इकेदा घराण्याच्या संग्रहांत होते. त्यांवरून काम सुरू झालें. १९६० सालीं एन्योतेइ पुन्हां उभें राहिलें. किल्ल्याचा बुरूज १९६६ सालीं बांधला, पण तो सिमेंट-काँक्रीटचा. करकोच्यांची हकीकत अधिक हृद्य आहे. चीनमधील प्रसिद्ध साहित्यिक व पंडित क्वो मो-रो हे तरुणपणीं ओकायामाच्या एका विद्यालयांत शिकत होते. त्यांनीं १९५६ सालीं चीनकडून तांबड्या माथ्याचे दोन करकोचे बागेस भेट म्हणून पाठविले. युद्ध संपून अकरा वर्षें झालीं होतीं. त्या युद्धांत जपाननें चीनचें काय केलें होतें हें क्वो मो-रोंस कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. आतां नववर्षाच्या दिवशीं पिंजऱ्याबाहेर सोडलेले करकोचे हिरवळीवर चालतांना पाहण्यास लोक जमतात.

मग आज आपण पाहतों ती बाग जुनी कीं नवी? कित्येक रसिक एन्योतेइच्या दारांत उभे राहून ‘हें तर १९६० सालचें’ असें म्हणून पाठ फिरवितात. आम्हांला हा कटाक्ष पटत नाहीं. दगडाच्या लेण्यास हा न्याय लावावा. बागेस लावूं नये. तीनशें वर्षांमागचें गवताचें एक पातें तेथें आज नाहीं, तसें तें १८७१ सालींही नव्हतें. पाइनचीं झाडें दर वर्षीं छाटलीं नाहींत तर दहा वर्षांत बाग म्हणून कांहीं राहणार नाहीं. काँक्रीटचा किल्ला आम्हांला खटकतो तो नवा म्हणून नव्हे. लांकडाचें सोंग घेतो म्हणून खटकतो. नव्वद तुकड्यांचा तो पाषाण मात्र आपले सांधे लपवीत नाहीं.

या बागेची एक धाकटी बहीण पुण्यास आहे. दांडेकर पुलावरून सिंहगड रस्त्यानें गेलें म्हणजे पर्वतीच्या पायथ्याच्या बाजूस दहा एकरांचें जें पुणें-ओकायामा मैत्री उद्यान लागतें तें कोराकुएनच्याच धर्तीवर पुणें महानगरपालिकेनें केलें आहे. त्यास पु. ल. देशपांडे यांचें नांव दिलें आहे. ज्यांनीं ‘पूर्वरंग’ लिहून मराठी घरांस जपानची सहल घडविली त्यांचें नांव येथें शोभतें. जिच्यावरून राजाराममहाराज शेवटीं गेले त्या गडाची वाट ही. ओकायामाच्या बागेचें व तिचें वर्ष एकच, हा योगायोग बाग आंखणारांच्या ध्यानींमनींही नसावा. येथें एन्योतेइ नाहीं, नऊ खाचरें नाहींत, करकोचे नाहींत. पुलाच्या कमानी आहेत, वळणाचें पाणी आहे, हिरवळीचे उंचवटे आहेत. मिसाओयामाच्या जागीं पर्वती आहे, आणि ती उसनी घेण्याचें कोणास कारण पडलें नाहीं.

पाणी आणून खेळविण्याची विद्या पुण्यास नवी नव्हे. १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून नळ घालून शहरांत पाणी आणलें, त्याच काळांत पर्वतीवर देवालय बांधलें, आणि पायथ्याशीं तळें करून त्यांत बेट राखलें. तेंच तळें पुढें आटून सारसबाग झाली. या नव्या बागेंत पाणी खेळतें तें खडकवासल्याहून येणाऱ्या मुठेच्या उजव्या कालव्याचें. रविवारीं संध्याकाळीं मुलें त्याच्या कांठीं वांकून मासे शोधीत असतात. बागेशेजारून कालवा तसाच पुढें हडपसरकडे जातो, आणि तेथून दौंड-इंदापुराकडील शेतांना.